परवान्यावरची वेळ

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी कॅनडातल्या वॉन गावात एका गोदामाच्या साइटवर उभा होतो. समोर काँक्रीट कापायची करवत चालू होती. खिशात फोन थरथरला, नाव पाहून मी तो कानाला लावला, पण पलीकडचं एक अक्षर ऐकू येईना. मी हात वर करून करवत बंद करवली. वहिनी तोपर्यंत गप्प राहिल्या होत्या. आवाज पूर्ण थांबल्यावरच त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. पहाटे, झोपेतच." त्याच पुढे म्हणाल्या, "तुमचं काम अडलं का?" नवरा जाऊन चार तास झालेल्या बाईने हे विचारावं, हे फक्त बिवलकरांच्या घरातच होऊ शकतं. मी "नाही" म्हणालो आणि दिवसभरासाठी काम बंद करून टाकलं.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. मनोहर बिवलकर हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. ते सत्तर सालाच्या आसपास कॅनडात आले, इंजिनिअर होते, आणि नोकरीची बरीच वर्षं त्यांनी सिटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ज्या खात्यात काढली त्याचं काम होतं आवाज. इथे बांधकामाचा ठोका कधी वाजवायचा, लाउडस्पीकर कुठे आणि किती वाजेपर्यंत लावायचा, याचे नियम आहेत, परवाने आहेत, आणि मोडले तर दंडाचं तिकीट फाडायला माणसं आहेत. बिवलकरसाहेब त्या माणसांपैकी एक. त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे का, ठाऊक नाही. शेवटची तीन वर्षं माझा त्यांच्यावर राग होता. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, "ढमाले, माझं चुकलं." ते शेवटपर्यंत मिळालं नाही. आणि माझ्याजवळही त्यांना सांगायची एक गोष्ट होती, ती मी तीन वर्षं मुद्दाम दाबून ठेवली...

आमची पहिली भेट एका रविवारी झाली. मी मुळशीचा. इथे आल्यावर छपरांवर शिंगल्स ठोकल्या, भिंतींना ड्रायवॉल लावले, इंग्रजी शिव्या आधी शिकलो आणि इंग्रजी नंतर. दोन हजार सालाच्या सुमारास स्वतःची छोटी कंपनी आणि स्वतःचा ट्रक झाला होता. नॉर्थ यॉर्कमध्ये एका घराची बेसमेंट खोल करायचं काम घेतलं होतं आणि ते मागे पडलं होतं, म्हणून रविवारीच काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावला. रविवारी असं काम चालत नाही हे मला माहीत होतं, पण गल्ली शांत दिसली. तासाभरात एक गाडी येऊन थांबली. उंच, किडकिडीत माणूस, कानटोपी, हातात पॅड. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि ट्रकवरचं नाव वाचून मध्येच मराठीत विचारलं, "ढमाले म्हणजे मुळशीकडचे?"

मला वाटलं, सुटलो. मी लगेच थर्मास काढला. "साहेब, आपलाच माणूस निघालात. या, चहा घ्या. अर्ध्या तासात आवरतो बघा."

"आता बंद करा."

"वीस मिनिटं."

"ढमाले, हा भाजीबाजार आहे का?" असं म्हणत त्यांनी तिकीट लिहिलं. अक्षर इतकं सुरेख की मी ते चिडून वाचताना सुद्धा पाहत राहिलो. चहाला हात लावला नाही. मी म्हणालो, "आपल्या माणसाच्या हातचा चहा पण नको?" ते म्हणाले, "ड्यूटी संपली की घेईन."

मला ते टाळणं वाटलं. पण त्यांना म्हणायची होती नोकरीची ड्यूटी. पुढची चारपाच वर्षं आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटायचो, बोलायचो, पण हा माणूस माझ्या घरी कधी आला नाही. मी कंत्राटदार, ते तपासणीवाले, एवढं त्यांना पुरे होतं. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. सोबत सुधावहिनी. "आता द्या चहा," म्हणाले. माझ्या बायकोने विचारलं, "साखर किती?" तर वहिनी म्हणाल्या, "पाच वर्षांची थकबाकी आहे, घाला भरपूर."

त्या दिवसापासून मी ढमालेचा 'अरे ढमाले' झालो. रिटायर झाल्यावर मंडळाच्या गणपतीचे परवाने काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि मदतनीस म्हणून मला धरलं, कारण ढोलपथक माझं होतं. ते पथक मी शून्यातून उभं केलं होतं. पुण्याहून जहाजाने ढोल आणले, संगणकाच्या नोकऱ्या करणाऱ्या नाजूक बोटांच्या पोरांना आणि पोरींना वॉनच्या माझ्या गोदामात ठेका शिकवला. त्याचा मला गर्व होता आणि आहे. बिवलकरांना ढोल आवडायचा का, ते मला कधीच कळलं नाही. सरावाला यायचे, दाराशी उभे राहायचे, मग रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन सांगायचे, "तिथपर्यंत येतोय."

परवान्याचा अर्ज भरण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. अर्ज भरायच्या आधी ते दारं वाजवायचे. ज्या पार्कात विसर्जनाची मिरवणूक निघायची, म्हणजे पार्कातल्या वाटेवरून जाऊन एका मोठ्या टाकीत मूर्ती बुडवायची, त्या पार्काला लागून घरांची एक रांग होती. प्रत्येक घराची बेल दाबायची आणि सांगायचं, अमुक शनिवारी, इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत ढोल वाजेल, चालेल का? मी पहिल्या वर्षी म्हणालो, "साहेब, पत्र छापू, पेटीत टाकू, दहा मिनिटांत मोकळे." त्यांनी मला गप्प केलं. "पेटीतल्या पत्राला नाही म्हणता येत नाही. माणसाला येतं." मग आम्ही दारोदार. एका दारात इटालियन म्हातारी, तिने आम्हाला टोमॅटो दिले. एका दारात हॉस्पिटलातली नर्स, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. एका घरी एक मुलगा होता, आवाजाने घाबरा होणारा. त्याची आई म्हणाली, वेळ नक्की सांगा, म्हणजे मी त्याला बाहेर नेईन आणि बरोब्बर त्यानंतर परत आणीन. बिवलकर हे सगळं खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे. मला तेव्हा हसू यायचं. आयुष्यभर घासाघीस करून जगलो मी. समोरचा काय मागतो आणि आपण किती कमी देऊ शकतो, हा माझा धंदा. हा माणूस दारात जाऊन स्वतःहून विचारत होता, तुम्हाला किती हवंय?

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीला माझी आई आली होती. ऐंशी ओलांडलेली, पहिल्यांदाच विमानात बसलेली. मी इथे छपरं ठोकायचो तेव्हा ती गावात सांगायची, पोरगा कॅनडात सायेब आहे. मी ढोल कसा वाजवतो ते मला तिला दाखवायचं होतं. पार्कात टाकीजवळ झाडाखाली तिला घडीच्या खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि सांगितलं, "आई, आम्ही वाजवत तुझ्यासमोर येतो."

पण मंडळी, आपला कार्यक्रम. आरतीला अध्यक्ष उशिरा आले. आरती झाल्यावर माजी अध्यक्षांना वाटलं, अजून एक म्हणू. मग प्रायोजकांचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. दोनला निघायचं पथक साडेतीन वाजून गेल्यावर हललं. पथक टाकीकडच्या शेवटच्या वळणावर आलं आणि बिवलकर समोर येऊन उभे राहिले. घड्याळ दाखवलं. पाच.

मी ढोल थांबवला नाही. ते माझ्या अगदी जवळ आले. "ढमाले, पाच वाजले."

"साहेब, चाळीस पावलं राहिलीत. ती बघा आई बसलीय."

"मी त्या घरांना पाच सांगितलंय."

"दहा मिनिटं! फक्त दहा!"

"नाही."

त्यावर मी जे बोललो ते सगळ्या पथकाने आणि निम्म्या मंडळाने ऐकलं. मी म्हणालो, "जन्मभर गोऱ्यांची चाकरी केलीत, रिटायर झालात तरी पट्टा सुटला नाही गळ्यातला." त्यांचा चेहरा पांढरा झाला. एवढंच म्हणाले, "ढोल खाली ठेव." पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकेकाने टिपऱ्या खाली केल्या. गणपती शेवटची चाळीस पावलं टाळ्यांवर गेला. पुढच्या वर्षी आई गावी वारली. मी ढोल वाजवताना तिने समोरून मला कधी पाहिलं नाही. हा तो राग.

या रागावर मी तीन वर्षं जगलो. मंडळात, लग्नांत, ग्रोसरीच्या दुकानात, भेटेल त्याला सांगायचो की बिवलकरांनी एका म्हातारीचा आनंद घड्याळाने मोजला. लोक माना डोलवायचे. बिवलकरांनी मंडळाचं काम सोडलं, कुणाला उलटून एक शब्द बोलले नाहीत. आता त्यांच्या माघारी दोन गोष्टी सांगायला हव्यात. अर्जावर 'पाच' हा आकडा मी लिहिला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरताना ते म्हणाले होते, "सहा लिही. आपली आरती कधी वेळेवर संपली आहे? मात्र मग उद्या परत सगळ्या दारांत जाऊन सहा सांगावं लागेल." मला दुसऱ्या दिवशी साइटवर जायचं होतं. मी म्हणालो, "पाच पुरे. या वेळी वेळेवर निघू." माझंच अक्षर होतं. मी गावभर त्यांची बदनामी करत होतो तेव्हा हे एक वाक्य सांगून ते मला गप्प करू शकले असते. त्यांनी ते केलं नाही.

दुसरी गोष्ट आईची. त्या संध्याकाळी गाडीत मी धुमसत होतो. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "चिडू नको. ढोल लांबूनच बरा वाटतो रे. जवळ आला की माझ्या छातीत धडधडतं. मला सगळा ऐकू आला." आणि वर म्हणाली, "तो उंच माणूस चांगला आहे. त्याने माझी खुर्ची सावलीत सरकवली." हे मी बिवलकरांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या रागाच्या पायाखालची जमीनच गेली असती. धंद्यात मी शिकलो होतो की आपल्या बाजूचं वजन कमी करणारी गोष्ट समोरच्याला कळू द्यायची नाही. तेच इथे केलं.

मागच्या जानेवारीत वहिनींचा फोन आला. "हे बोलावत नाहीयेत तुम्हाला. मी बोलावतेय." डॉक्टरांचं हातातलं सगळं करून झालं होतं. ते दोघं यंग स्ट्रीटजवळच्या एका कॉन्डोत नवव्या मजल्यावर राहायचे. मी गेलो तर साहेब खिडकीशी आरामखुर्चीत, अंगावर दोन रजया, अंगात काही उरलं नव्हतं. आणि आवाज! शेजारच्या प्लॉटवरची जुनी इमारत पाडून नवा टॉवर उठत होता आणि जुना पाया फोडायला मोठा ब्रेकर लागला होता. काचा थरथरत होत्या. कपात चमचा वाजत होता. जन्मभर आवाजाचा बंदोबस्त केलेला माणूस मरणाच्या वाटेवर त्या आवाजात पडला होता.

मी म्हणालो, "साहेब, हे काय चाललंय? तुमच्या जुन्या ऑफिसला फोन करू?"

"कशाला? परवाना आहे त्यांचा. सात ते सात. मी वरून बघतो ना. एकदाच फक्त सातला दोन मिनिटं कमी असताना सुरू केलं होतं."

"मग तक्रार केलीत?"

"दोन मिनिटांसाठी?"

मी इतका वेळ धरून ठेवलेलं तोंडातून निसटलं. "यांना दोन मिनिटं सोडलीत आणि मला दहा दिली नाहीत."

ते हळूच म्हणाले, "ती दोन माझी होती रे. ती मी सोडू शकतो."

मला चीड आली. मी चहा न घेता उठलो. लिफ्टमधून खाली आलो आणि पार्किंगला जायच्या ऐवजी सरळ शेजारच्या साइटवर गेलो. तिथला सुपर, म्हणजे साइट सांभाळणारा माणूस, पोर्तुगीज होता, माझ्यासारखाच जाडजूड आणि तापट. पाच मिनिटं आम्ही एकमेकांवर ओरडलो. मग मी नेहमीचं काम सुरू केलं, घासाघीस. त्याचं एक छोटं खोदायचं यंत्र बिघडलं होतं. माझं वॉनमध्ये रिकामं उभं होतं. ते मी त्याला काम संपेपर्यंत देईन, त्याने दुपारी दोन ते चार ब्रेकर बंद ठेवावा, त्या वेळात बिनआवाजाची कामं करावीत. तो म्हणाला, "एक तास." मी म्हणालो, "दोन. म्हातारा दोनला औषध घेतो आणि त्याला झोप लागत नाही." त्याने बोटाने वर दाखवून विचारलं, "कुठला मजला?" मी सांगितलं. "ठीक आहे, दोन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला वहिनींचा फोन. "भाऊजी, खालचं काम थांबलंय. हे झोपत नाहीयेत. म्हणतात, कुणाला लागलं का बघ, अपघात झाला असेल." मी कबूल केलं. पलीकडून साहेबांचा आवाज ऐकू आला, चिरका पण ठणठणीत. "त्या गाढवाला सांग, परवाना असलेलं काम बंद पाडायचा त्याला काय अधिकार?" मी म्हणालो, "वहिनी, त्यांना सांगा, मी बंद नाही पाडलं. मी दार वाजवून विचारलं." वहिनींनी तसंच सांगितलेलं ऐकू आलं. मग वहिनी हसत म्हणाल्या, "कूस बदलून झोपलेत."

त्यानंतर मी शक्य तेव्हा दोनला जायचो. ते डुलकी काढायचे, तीनच्या सुमारास जागे व्हायचे, मग आम्ही बोलायचो. काय बोलायचो? प्लायवूडबद्दल. माझ्या मुलीबद्दल, जी वॉटर्लूला शिकते आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. बर्फ किती साठलाय त्याबद्दल. बोलण्यात दोघंही त्या एका पार्काच्या कडेकडेने फिरायचो, आत शिरायचो नाही. त्यांनी 'चुकलं' म्हणावं याची वाट मी अजून बघत होतो, आणि माझ्याकडची गोष्ट तोवर मुठीत धरून होतो.

शेवटच्या भेटीत असाच तास गेला. चारला थोडाच वेळ होता तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "ढमाले, तुझी आई बसली होती तिथून तिला ढोल ऐकू आला होता का रे?"

म्हणजे तीन वर्षं हा माणूसही तेच घेऊन बसला होता. मी सांगायला सुरुवात केली. पण मला सरळ सांगता कुठे येतं? आईला विमानात कशी भीती वाटली, तिथून सुरू केलं. तिची शाल, ते झाड, गाडीत ती कुठे बसली... आणि मी "आई म्हणाली" एवढं म्हणतो तोच खाली ब्रेकर सुरू झाला. चार वाजले होते. मी ओरडून सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला, मान हलवली, हसले आणि डोळे मिटले. थकले होते. मला वाटलं, उद्या सांगू, शांतपणे. दुसऱ्या दिवशी वॉनला काँक्रीट ओतायचं होतं, निघता आलं नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा तो फोन आला.

सगळं उरकल्यावर, पाहुणे परतल्यावर, एका दुपारी मी वहिनींकडे गेलो. दोन वाजले आणि खाली आवाज बंद झाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साइटवर कुणाला काही कळलंच नव्हतं. वहिनी खिडकीशी जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "असू दे वहिनी, काम संपेपर्यंत चालू दे असंच." त्यांनी मान हलवली. "नाही भाऊजी. सांगून टाका त्यांना. ज्याच्यासाठी मागून घेतलं होतं तो माणूस नाही आता. यांना नसतं चाललं."

तीन वाजून गेल्यावर मी खाली गेलो. सुपरला सांगितलं की म्हातारा गेला, तू उद्यापासून तुझं काम कर. त्याने हेल्मेट काढून हातात धरलं. वर नवव्या मजल्याकडे पाहिलं. "आज नाही," तो म्हणाला. "आजचे दोन तास तुमचेच. उद्यापासून." मी यंत्र ठेवून घ्यायला सांगितलं. त्याने माझा खांदा दाबला.

वर आलो. वहिनींनी चहा केला होता. साहेबांची खुर्ची खिडकीशी तशीच होती, पाठीवर रजईची घडी. मी या वेळी विमानापासून सुरू केलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "वहिनी, आई म्हणाली होती, ढोल लांबूनच बरा वाटतो, जवळ आला की छातीत धडधडतं. तिला सगळा ऐकू आला होता. साहेबांनी तिची खुर्ची सावलीत सरकवली, ते पण सांगितलं तिने. आणि अर्जावर पाच मी लिहिले होते."

"अर्जाचं मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "टेबल पुसत होते ना मी." मग त्या आईचं बोलणं स्वतःशीच एकदा म्हणाल्या, लांबूनच बरा वाटतो... आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी वाट पाहत होतो की आता त्या विचारतील, हे यांना का नाही सांगितलंत इतकी वर्षं. त्यांनी विचारलं नाही. साहेबांच्या खुर्चीवरची रजई उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"उभे का भाऊजी? बसा इथे," त्या म्हणाल्या. "चारला अजून पंचवीस मिनिटं आहेत."